राहिलेल्या प्रतिज्ञा

हट्टा गावच्या ग्यानोबांना पुस्तक घेऊन लग्न लावणाऱ्या माणसांचा भारी राग. "पुस्तकात बघून लग्न लावायचं म्हंजे चिठ्ठीत बघून बायकोला हाक मारायची," असं ते म्हणायचे, आणि ऐकणारे हसले की आणखी दोन टोमणे ठेवून द्यायचे. त्यांना अधिकारही होता म्हणा. अडतीस वर्षं त्यांनी बौद्धाचार्य म्हणून लग्नं लावली, नामकरणं केली, मयताच्या घरी जाऊन गाथा म्हटल्या, आणि या अडतीस वर्षांत त्यांच्या हातात कधी कागदाचा चिटोरा कुणी पाहिला नाही. सगळं तोंडपाठ.

पोटापाण्याला ते शाळेत शिपाई होते. सकाळी घंटा वाजवायची, वर्ग उघडायचे, साहेब आले की चहा सांगायचा. त्या आवारात त्यांना कुणी "ग्यानोबा, इकडं ये" म्हणू शकत होतं आणि म्हणतही होतं. पण रविवारी पांढरा सदरा आणि पांढरा पायजमा घालून मांडवात माइकपुढे उभे राहिले की तेच हेडमास्तर खाली खुर्चीत हात जोडून बसलेले असत. नोकरी संपली तेव्हा शिपाई घरी आला, बौद्धाचार्य मात्र आणखी तेरा वर्षं फिरत राहिला. वसमत, औंढा, सेनगाव, जिथून निरोप येईल तिथे एसटीनं जायचं, लग्न लावायचं, जेवायचं आणि परत यायचं. एक पैसा घेतला नाही कधी. घेतला असता तर बायकोनं, सोजराबाईंनी, घरात घेतलं नसतं, हा भाग वेगळा.

त्यांच्या लग्नात सगळ्यांत गाजायच्या त्या प्रतिज्ञा. बाकीचे लोक नवरानवरीच्या प्रतिज्ञा घाईघाईत उरकतात. ग्यानोबा त्या सगळ्यांत शेवटी घ्यायचे, फुलं उधळून झाल्यावर. हातात फुलाच्या पाकळ्या असल्या की माणसाचं लक्ष फेकण्यात असतं, ऐकण्यात नसतं, असं त्यांचं म्हणणं. हात रिकामे झाले की मग ते नवरदेवाकडे वळायचे. बायकोचा चारचौघांत अपमान करणार नाही. तिच्यापासून व्यवहार लपवणार नाही. तिच्या आजारपणात तिला एकटी सोडणार नाही. नवरदेव लाजून पुटपुटला की ग्यानोबा माइक त्याच्या तोंडाला लावायचे आणि म्हणायचे, "मला ऐकू आलं, पण हिच्या आईला न्हाई आलं. पुन्हा म्हणा." मांडव खदखदायचा. पण त्या हशात नवरीच्या आईचे डोळे भरलेले असायचे, हे त्यांना वरून दिसायचं, आणि त्यासाठीच तर तो सगळा खटाटोप होता.

असा हा माणूस गेल्या मे महिन्यात साखरा गावी एका लग्नात उभा राहिला. ऊन मी म्हणत होतं. त्रिशरण झालं, पंचशील झालं. पाकळ्या वाटल्या गेल्या. लोक उठून उभे राहिले, मुठी भरलेल्या, आता मंगलगाथा सुरू होणार. ग्यानोबांनी डोळे मिटले, खर्जात सूर लावला आणि मयताच्या वेळी म्हणायची गाथा सुरू केली.

दोन ओळी होईपर्यंत त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलं नाही. लोकांच्या मात्र लगेच आलं. ती गाथा न कळणारं घर कुठलं? प्रत्येकाच्या घरात ती कधी ना कधी कुणाच्या तरी उशाशी म्हटलेली. मुठी तशाच हवेत राहिल्या. एक म्हातारी "आगं बया" म्हणाली ते माइकमध्येसुद्धा आलं. मागच्या पोरांत कुणी तरी फिस्सकन हसलं, आणि पुढच्या रांगेत कुणी तरी अगदी हळू म्हणालं, "अपशकून झाला की ओ."

ग्यानोबांनी डोळे उघडले. समोर नवरी होती, पण तिचा चेहरा त्यांनी पाहिलाच नाही. माइक टेबलावर ठेवला, खाली उतरले, चपला पायात सरकवल्या आणि चालते झाले. "बाबा, आवं बाबा" म्हणत दोघं-तिघं फाट्यापर्यंत आले, पण समोरून आलेल्या पहिल्या गाडीत ते चढले. ती कुठं जाते हेही विचारलं नाही.

ते हट्ट्याला पोचायच्या आत त्यांचा व्हिडिओ तिथे पोचला होता. खाली हसऱ्या तोंडांची रांग.

पहिले आठ दिवस घरच्यांना वाटलं, होईल शांत. सोजराबाईंनी पांढरे कपडे धुतले, घडी करून पेटीत ठेवले. पंधरा दिवसांनी ग्यानोबांनी दाढी करणं सोडलं. मग विहारात जाणं सोडलं. मग दारात बसणं सोडलं, कारण दारात बसलं की येणारा-जाणारा जयभीम घालतो आणि त्याला तोंड वर करून उत्तर द्यावं लागतं. बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. चहावर साय धरायची. भाकरी अर्धी राहायची, मग पाऊण राहायची. रात्री झोप नाही आणि दिवसा जाग नाही.

धीर द्यायला माणसं यायची. त्यांचा धीर म्हणजे सळई तापवून टोचल्यासारखा. "वय झालं की व्हतंच बाबा असं." "आता आराम करा, लई केलं तुमी." एकानं तर जाताना "चहा पिताना सांभाळा, सांडंल" असंही सांगितलं. मुलगा प्रमोद वसमतला पाणीपुरवठ्यात नोकरीला, बापावर जीव टाकणारा. त्यानं बापाचा मोबाइल स्वतःकडे ठेवला. लग्नाचा निरोप आला की तोच बाहेर ओसरीत जाऊन हळू सांगायचा, "बाबांना आता न्हाई जमत." त्याला वाटायचं आत ऐकू जात नाही. म्हाताऱ्या माणसाचे कान नेमके अशाच वाक्याला तीक्ष्ण होतात, हे पोरांच्या कधी लक्षात येणार कोण जाणे.

ग्यानोबांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की आपलं डोकं चाललंय. ते पडल्या पडल्या स्वतःची परीक्षा घ्यायचे. शाळेचे सगळे हेडमास्तर ओळीनं. सतराचा पाढा. घरातल्या दहा जणांच्या जन्मतारखा. नव्वद गोष्टी आठवायच्या आणि दहा नाही आठवायच्या, आणि त्या दहांवर ते दिवसभर रडल्यासारखे पडून राहायचे. आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी कुणालाच सांगितली नाही. अडतीस वर्षं या माणसानं मांडवामांडवांत सांगितलं होतं की शकुन-अपशकुन काही नसतं, असलं खूळ आपण टाकून दिलंय. आणि आता तोच माणूस बाजेवर पडून विचार करत होता, त्या पोरीचं काही वाईट तर झालं नसेल? त्या विचाराची त्यांना इतकी शरम वाटे की गाथा चुकल्याची शरम तिच्यापुढे काहीच नाही.

दिवाळी सरली त्या सुमाराला एका दुपारी सोजराबाई भाकरी थापत होत्या. ग्यानोबा भिंतीकडे बघत सहज म्हणावं तसं म्हणाले, "सोजरा, मी नसलो तरी कुणाचं काय अडणार हाय आता?"

सोजराबाईंचा हात काटवटीतच थांबला. त्या शाळेची पायरी न चढलेल्या बाई, पण माणूस कसं बोलतो यावरून तो कुठं उभा आहे हे त्यांना बरोबर कळायचं. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पीठ तसंच टाकून, हात न धुता शेजाऱ्याकडे गेल्या आणि प्रमोदला फोन लावायला लावला. "उद्या रजा काढ. बाबाला हिंगोलीला न्यायचं. आन् अंगाच्या डाक्टरकडं न्हाई, मनाच्या."

"मी येडा झालो का?" ग्यानोबांनी विचारलं.

"येडं व्हायच्या आधीच नेऊन राहिले," सोजराबाई म्हणाल्या. "गुडघा दुखला तवा गेलते की तुमी. तवा काय गुडघ्याची इज्जत गेलती?"

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टर प्रमोदपेक्षाही लहान होती. तिनं त्यांना आजचा वार विचारला, पाच वस्तू दाखवून झाकून ठेवल्या, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मध्येच गप्पा मारून पुन्हा त्या पाच वस्तू विचारल्या. ग्यानोबांनी पाचही सांगितल्या आणि वर किल्लीला तीन दात होते हेही सांगितलं. डॉक्टर हसली. "आजोबा, डोकं एकदम शाबूत आहे तुमचं. आजार डोक्याला नाही, मनाला झालाय. उदासीचा आजार म्हणतात याला. म्हाताऱ्या माणसांना पुष्कळदा होतो आणि लोक त्याला वय म्हणून सोडून देतात." मग पेन खाली ठेवून तिनं विचारलं, "ते लग्न ज्या दिवशी होतं, त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही कुठं होतात?"

सहा महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"दगडोबाच्या घरी," ग्यानोबा म्हणाले.

दगडोबा म्हणजे शाळेतला दुसरा शिपाई. एकतीस वर्षं दोघांनी एक डबा वाटून खाल्ला, एका घंटेवर पाळी लावली, एका हेडमास्तराच्या शिव्या खाल्ल्या. तो मेला. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मयतानंतरच्या विधीच्या, दिवशी गाथा ग्यानोबांनीच म्हटली, न अडखळता, डोळ्यांतून टिपूस न काढता, कारण गाथा म्हणणाऱ्यानं रडायचं नसतं. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून ते साखऱ्याला गेले. आदल्या दिवशीचे शब्द तोंडात तसेच राहिले होते. मन दगडोबाच्या अंगणातच बसून होतं, नुसते कपडे तेवढे मांडवात आले होते.

हे सांगता सांगता ग्यानोबा त्या पोरसवदा डॉक्टरपुढे हुंदके देऊन रडले. प्रमोदनं आपला बाप रडताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. त्याला काय करावं कळेना, म्हणून त्यानं नुसता त्यांचा हात धरून ठेवला, आणि तेच बरोबर होतं.

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, "गोळ्यांनी झोप लागेल, भूक लागेल. पण गोळी तुम्हाला माणसांत नेऊन उभी करणार नाही, तिथं तुम्हालाच जावं लागेल." तसंच झालं. महिन्याभरात झोप आली, भाकरी पुरी संपू लागली, दाढी झाली. ग्यानोबा अंगणात खाट टाकून बसू लागले. पण पेटीतले पांढरे कपडे पेटीतच होते. कुणी लग्नाचा विषय काढला की ते उठून आत जायचे. सोजराबाई समजून चुकल्या की आजार उतरलाय, पण माणूस अजून उठलेला नाही.

जानेवारीत गावाच्या शिवारात हळद शिजायला लागली, तिचा वास घराघरांत भरला, तेव्हाची गोष्ट. दुपारी एक मोटारसायकल दारात थांबली. मागून उतरलेल्या पोरीनं डोक्यावरचा रुमाल सोडला आणि सरळ खाटेपुढे येऊन उभी राहिली. नवरा गाडी लावत मागेच राहिला.

"जयभीम बाबा. मी साखऱ्याची करुणा. वळखलं न्हाई ना? कसं वळखणार, तुमी माझ्या लग्नातून पळून गेलते."

ग्यानोबांच्या तोंडचं पाणी पळालं. सोजराबाई आतून तरातरा बाहेर आल्या. "ए पोरी, बोलायची रीत हाय का न्हाई? आजारी माणूस हाय."

"आजी, मी तकलीफ द्यायला न्हाई आले. तक्रार घेऊन आले," करुणा म्हणाली आणि खाली ओसरीच्या कडेला बसली. "बाबा, तुमी गेल्यावर एका पोरानं मोबाइलवर गाथा लावली, लोकांनी फुलं टाकली, आन् समदे जेवायला पळाले. आमच्या प्रतिज्ञा राहिल्या त्या राहिल्याच. आता ह्यांच्याशी भांडण झालं का हे काय म्हणतेत, ठाव हाय? म्हणतेत, मी कुठं शबूद दिलाय तुला? आन् खोटं बी न्हाई बोलत. दिलाच न्हाई त्यांनी."

तिचा नवरा रत्नपाल, सेनगावात गाड्या दुरुस्त करणारा मिस्तरी, एव्हाना येऊन उभा होता. तो छपराच्या पत्र्याकडे बघून हसू दाबत होता.

"दुसऱ्या कुणाकडून घ्या, पोरी," ग्यानोबा म्हणाले. "पुष्कळ जण हायेत चांगले. मी आता..."

"दुसऱ्याचं काय काम? काम तुमी अर्धं टाकून गेलात. मिस्तरी अर्धी गाडी खोलून निघून गेला तर चालंल का?"

"न्हाई चालत," रत्नपाल मनापासून म्हणाला. धंद्याचा प्रश्न होता, त्याला राहवलं नाही.

आठ महिने लोक ग्यानोबांना धीर देत होते, आराम करा म्हणत होते, सांभाळून घेत होते. आठ महिन्यांत त्यांच्यावर कुणी चिडलं नव्हतं. आज ही एवढीशी पोर साठ-सत्तर किलोमीटरवरून येऊन त्यांच्याशी भांडत होती, कारण त्यांच्या हातून एक काम राहिलं होतं आणि त्यावाचून तिचं अडलं होतं. ग्यानोबांना राग यायला हवा होता. पण छातीत काही तरी सैल झालं, तो राग नव्हता.

त्यांनी चाचरत विचारलं, "पोरी, त्या दिवसानंतर... तुझं काही वाईट तर न्हाई ना झालं?"

एवढा मोठा माणूस हे का विचारतोय ते करुणाला कळलं असावं. "झालं की," ती म्हणाली. "हे लई घोरतेत. दोन घरं सोडून ऐकू जातंय."

ग्यानोबा हसले. खोकला येईपर्यंत हसले. सोजराबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि पदरानं स्वतःचेच डोळे पुसले.

"सोजरा," ग्यानोबा पाणी पिऊन म्हणाले, "पेटी उघड."

सदरा अंगावर लोंबत होता, एवढे ते वाळले होते. त्यांनी कोनाड्यातून एक पातळ पुस्तिका काढली, नवशिक्यांना शिकवायला ठेवलेली. चष्मा लावला. पुस्तिका उघडताना त्यांचे कान लाल झाले. करुणानं ते पाहिलं आणि आपण पाहिलं नाही असं दाखवलं. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून दोघं उभी राहिली. ग्यानोबा ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. पहिली प्रतिज्ञा झाली, दुसरी झाली. रत्नपाल अगदी परीक्षेला बसल्यासारखा उत्तरं देत होता. तिसऱ्या प्रतिज्ञेला चष्म्यामागे पाणी साचलं आणि अक्षरं हलायला लागली. ग्यानोबा थांबले. बोट कुठं होतं तेच त्यांना सापडेना.

"तिच्या आजारपणात तिला एकटी सोडणार न्हाई," मागून सोजराबाई म्हणाल्या.

ग्यानोबांनी वळून पाहिलं.

"आता म्हणा की," सोजराबाई म्हणाल्या. "तीच हाय पुढची."

प्रतिज्ञा पुऱ्या झाल्या. करुणा पाया पडायला वाकली तर ग्यानोबांनी तिला अडवलं. चहा झाला, मोटारसायकल गेली. ग्यानोबा चष्मा हातात घेऊन तसेच बसून होते.

"तुला समदं पाठ हाय?" त्यांनी विचारलं.

"मग? अडतीस वर्षं न्हाणीत घोकता तुमी. मी काय भिंत हाय?"

"कवा बोलली न्हाईस."

"तुमी कवा इचारलं?"

हे मात्र त्यांना लागलं. अडतीस वर्षं ते जिल्हाभर फिरले, हजारो बायकांच्या नवऱ्यांकडून शब्द घेतले, आणि एकदाही सोजराबाईंना "चल संगं" म्हटलं नाही. सगळं आपण एकट्यानं पेललंय अशा थाटात ते जगले, आणि एक ओळ चुकल्यावर एकटेच कोसळले. पण त्या संध्याकाळी त्यांचं तोंड भिंतीकडे नव्हतं.

फेब्रुवारीत शेजारच्या गावाहून निरोप आला. प्रमोद सवयीनं फोन घेऊन ओसरीकडे निघाला, दोन पावलं गेला आणि परत फिरला. त्यानं फोन बापाच्या हातात दिला. ग्यानोबांनी ऐकून घेतलं. "येतो," ते म्हणाले. "पण दोघं येतो."

मांडव मोठा होता, चारशे माणूस असेल. सोजराबाई नव्या पांढऱ्या लुगड्यात पहिल्या रांगेत बसल्या होत्या. ग्यानोबा माइकपुढे गेले आणि आधी पुस्तिका सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "मी आता बघून म्हणतो," ते म्हणाले. "पाठ होतं, पण विसरतो. चुकलो तर सांगा, आधीसारखं पळणार न्हाई." मांडवात कुजबुज झाली. मागं दोन-तीन मोबाइल वर गेले. साखऱ्याची गोष्ट ठाऊक नसलेला माणूस तालुक्यात उरला नव्हता.

त्रिशरण झालं. पंचशील झालं. पाकळ्या वाटल्या, लोक उभे राहिले, मुठी वर झाल्या. ग्यानोबांनी मंगलगाथेची पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली, आणि कुठूनसा वारा आला. पुस्तिकेची पानं फडफडत उलटली. ते पान शोधू लागले. साखऱ्याला झालं होतं तस्संच झालं. चारशे माणसं हात वर धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

ग्यानोबांनी पान शोधणं सोडलं. माइक बाजूला केला नाही, हातानं झाकला नाही. तो तसाच तोंडाशी धरून, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं,

"सोजरा, पुढं काय गं?"

सोजराबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी पुढची ओळ सांगितली. ग्यानोबांनी ती त्यांच्यामागून म्हटली, आणि मांडवानं ती दोघांच्याही मागून म्हटली.